नावांच्या धंद्यात वाट कोण दाखवणार?

‘हजार रुपयांत नाव घ्यायचं आणि लाखात विकायचं, असं खरंच होतं का? आणि होत असेल, तर ते शिकवतं कोण?’

डोमेनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या खरेदी-विक्रीविषयी कानावर आलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. मुंबई-पुण्यात ओळखीपाळखीतून कुणी जाणता सापडू शकतो. मलकापुरात प्रश्न जास्त अडतो. भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचं, कापसाच्या उलाढालीवर वाढलेलं हे तालुक्याचं गाव. इथे रुईचा, सरकीचा, मक्याचा भाव सांगणारे शंभर भेटतील. नावाचा भाव सांगणारा भेटणं कठीण. मग हातात मोबाइल उरतो, आणि मोबाइलमध्ये गुरूंची कमतरता नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे: होतं, पण क्वचित. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे आणि त्यासाठी आधी दोन-तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

१. आपण विकत काय घेतो?

खरं तर काहीच विकत घेत नाही. डोमेन म्हणजे नगरपरिषदेचा गाळा. गाळा तुमच्या मालकीचा होत नाही; पट्टा तुमच्या नावावर असतो आणि भाडं भरत राहाल तोवर दुसरा कुणी तिथे बसू शकत नाही. भाडं थकलं की नोटीस, मग कुलूप, मग लिलाव. ‘मी नाव विकलं’ याचा अर्थ इतकाच की पट्टा दुसऱ्याच्या नावावर करून दिला आणि त्याबद्दल वरकड रक्कम घेतली.

या व्यवस्थेची उतरंड अशी. सर्वांत वर नियम ठरवणारी संस्था, आयकॅन. ती १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिच्याखाली प्रत्येक शेपटाची, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन यांची नोंदवही ठेवणारी रजिस्ट्री. डॉट कॉमची वही व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे, डॉट इनची निक्सी या भारतीय संस्थेकडे. सर्वांत खाली रजिस्ट्रार, म्हणजे तुमच्याकडून पैसे घेऊन नोंद करून देणारा दुकानदार. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हेरिसाइनने डॉट कॉमचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर केला. रजिस्ट्रारचा नफा आणि कर धरून आपल्याला नाव साधारण हजार-बाराशे रुपयांना पडतं. दर वर्षी.

‘दर वर्षी’ हे दोन शब्द नवखा माणूस हमखास विसरतो. शिवाय पहिल्या वर्षाचा दर आणि पुढचा दर एक असेलच असं नाही. डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर यांसारखी नवी शेपटं पहिल्या वर्षी शे-दोनशे रुपयांत मिळतात आणि दुसऱ्या वर्षी काही हजार मागतात. नाव घेण्याआधी रिन्यूअलचा, म्हणजे मुदतवाढीचा दर पाहायचा. स्वस्ताईची जाहिरात वाचून एका रात्रीत पन्नास नावं घेतलेल्यांना याचा अर्थ वर्षभराने कळतो.

मुदत संपली तरी डॉट कॉम नाव लगेच सुटत नाही. बहुतेक रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देतात, ती जास्तीत जास्त ४५ दिवसांची. त्यानंतर ३० दिवस नाव परत मिळतं, पण मोठा दंड भरून. मग ५ दिवस ते गोठवलेलं राहतं आणि शेवटी सर्वांना खुलं होतं. चांगलं नाव मात्र इतका प्रवास सहसा करत नाही. रजिस्ट्रार ते मध्येच लिलावात काढतो.

२. हजाराचे लाख: कागदावर मांडून पाहू

या धंद्यात मुरलेले लोक एक ठोकताळा सांगतात. तुमच्याकडे शंभर बरी नावं असतील, तर वर्षाला त्यांतली एक किंवा दोन विकली जातात. बाकीची तशीच पडून राहतात.

आता हिशेब करू. शंभर नावं, प्रत्येकी हजार रुपये, म्हणजे वर्षाला एक लाख खर्च. विक्री बाजारपेठेतून, म्हणजे सेडो किंवा आफ्टरनिकसारख्या संकेतस्थळावरून झाली तर दलाली द्यावी लागते. ती २० टक्के धरू. वर्षात एकच नाव विकलं गेलं, तर नुसता खर्च निघायला ते सव्वा लाखाला जायला हवं. दोन विकली गेली, तर प्रत्येकी साडेबासष्ट हजारांना. नफा त्यानंतर सुरू होतो. नाव साधारण असेल तर खर्च तेवढाच राहतो, विक्री शून्यावर येते.

यात आणखी एक गोम आहे. एकाच नावाला दोन भाव असतात. ज्याला ते नाव धंद्यासाठी हवं आहे तो किरकोळ भाव देतो. पण तो कधी येईल याचा नेम नाही. तुमच्यासारखाच दुसरा गुंतवणूकदार आज पैसे देतो, पण घाऊक भावाने, अनेकदा किरकोळीच्या दहाव्या हिश्शानेसुद्धा. अडीनडीला नाव मोडायला काढलं तर हा दुसरा भाव मिळतो. मूल्यांकन करणारी यंत्रं जो आकडा दाखवतात तो बहुधा पहिल्याच्या आशेवरचा असतो.

कागदावरचा आकडा आणि हाती पडणारा पैसा यांतलं अंतर मलकापूरकरांना नव्याने सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा पासबुकातली मोठी शिल्लक नव्हे, तर ठेव विम्याची ५ लाखांची मर्यादा महत्त्वाची ठरली. डोमेनला तर विमाही नाही.

३. जुन्यांच्या कहाण्या ऐकाव्यात, गिरवू नयेत

सुरुवात करणाऱ्याला लखपती नव्हे, थेट करोडपतींच्या कथा सांगितल्या जातात. त्या खोट्या नसतात. अमेरिकेतल्या रिक श्वार्ट्झ याने १९९७ मध्ये मेन डॉट कॉम हे नाव १५ हजार डॉलरला घेतलं आणि २००३ च्या अखेरीला सुमारे १३ लाख डॉलरना विकलं. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरना गेलं.

पण तारखा पाहा. पहिलं डॉट कॉम नाव, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ रोजी नोंदवलं गेलं. सप्टेंबर १९९५ पर्यंत नाव नोंदवायला पैसेच पडत नव्हते. त्यानंतर नेटवर्क सोल्युशन्स कंपनीने दोन वर्षांचे १०० डॉलर आकारायला सुरुवात केली. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला. म्हणजे आपण दारात पोहोचलो तेव्हा इंग्रजीतले बरेच सोपे, एका शब्दाचे गाळे उठून गेले होते. आज डॉट कॉमखाली १५ कोटींहून अधिक नावं नोंदलेली आहेत. डॉट इनचा कारभार आधी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता आणि नियम कडक होते. २००५ च्या सुरुवातीला तो निक्सीकडे जाऊन सर्वांना खुला झाला. ती आपल्यासाठी दुसरी संधी होती. तीही वीस वर्षांपूर्वीची.

महाराष्ट्रातली या क्षेत्रातली सर्वांत मोठी कहाणी मुंबईची आहे. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, वडिलांकडून घेतलेल्या २५ हजार रुपयांवर डायरेक्टाय ही कंपनी काढली. तिच्यातून रिसेलरक्लब आणि बिगरॉक हे व्यवसाय उभे राहिले. पुढे भाविन यांनी रॅडिक्स ही रजिस्ट्रीच सुरू केली. वर उल्लेख केलेली डॉट ऑनलाइन आणि डॉट स्टोअर ही शेपटं तिचीच. आता नीट बघा, यांचा मुख्य धंदा काय होता? ‘एक नाव धरून बसू आणि गिऱ्हाइकाची वाट पाहू’ हा नव्हे. नोंदणी करून देणं, इतर विक्रेत्यांना घाऊक दराने ती पुरवणं, रिकाम्या पडलेल्या नावांच्या पानावर जाहिराती दाखवून पैसे मिळवणं, हा. या शेवटच्या प्रकाराला पार्किंग म्हणतात आणि त्यातलं उत्पन्न आता बरंच आटलं आहे.

या कहाणीतून माझ्या मते नवख्याने घ्यायची गोष्ट एकच: नावांच्या बाजारात खात्रीचा पैसा नावं घेणाऱ्याला नव्हे, नावं घ्यायला लावणाऱ्याला मिळतो. मार्गदर्शक निवडताना हे सूत्र हाताशी ठेवायचं.

४. गुरूचं पोट कशावर भरतं?

सल्ला देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच, मनातल्या मनात का होईना.

रजिस्ट्रारची संकेतस्थळं भरपूर शिकवतात. नोंदणी कशी होते, मुदत कशी वाढवायची, नाव एकीकडून दुसरीकडे कसं न्यायचं, हे त्यांच्याकडूनच शिकावं. माहिती अचूक असते. पण ‘हे नाव घेऊ का?’ याला त्यांचं उत्तर नेहमी होच असणार.

दुसरा प्रकार अभ्यासक्रम विकणाऱ्यांचा. ‘महिना पन्नास हजार घरबसल्या’ असं सांगणारा स्वतः महिना पन्नास हजार कमावत असेलही, पण ते नावं विकून की अभ्यासक्रम विकून? अशा माणसाला तीन गोष्टी विचाराव्यात: तुमच्याकडे नावं किती, गेल्या वर्षी विकली किती, आणि गेल्या वर्षी मुदतवाढीवर खर्च किती झाला? विक्रीचा फोटो सगळे दाखवतात. तिसऱ्या प्रश्नाला जो सरळ आकडा सांगेल त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही.

तिसरा प्रकार दलालाचा. चांगला दलाल विक्री झाल्यावर पैसे घेतो. आगाऊ मागणारा दलाल नव्हे.

चौथा प्रकार म्हणजे स्वतः हा धंदा करणारा आणि तुमच्याकडून काहीच नको असलेला माणूस. असा भेटला तर नशीब. त्याच्याकडे ‘काय घेऊ?’ म्हणून जाऊ नका. तो सांगणार नाही, आणि सांगावं अशी अपेक्षाही रास्त नाही. आपण निवडलेली पाचच नावं, प्रत्येकापुढे ‘हे कोण घेईल आणि का’ एवढं लिहून न्यावीत आणि ‘यांतलं सर्वांत वाईट कोणतं?’ असं विचारावं. वाईट नाव का वाईट, हे जाणता माणूस आनंदाने सांगतो.

५. फुकट शिकवणारे

मराठीत या विषयावर लिहिलेलं फार थोडं आहे, त्यामुळे इंग्रजी वाचावं लागतं. पण जे वाचायचं ते बहुतांशी नावं आणि आकडे आहेत.

नेमबायो या संकेतस्थळावर आजवर झालेल्या लाखो विक्रींची नोंद आहे: नाव, रक्कम, तारीख, कुठे विकलं. डीएन जर्नल २००३ पासून मोठ्या विक्रींच्या याद्या छापत आलं आहे. या याद्या महिनाभर रोज अर्धा तास चाळाव्यात आणि त्या काळात एकही नाव घेऊ नये. चाळताना रक्कम झाकून अंदाज बांधायचा, मग उघडून पाहायची. सुरुवातीला अंदाज हास्यास्पद चुकतात. हळूहळू दिसायला लागतं की विकली जाणारी नावं छोटी, उच्चाराला सोपी आणि कुठल्या तरी पैसेवाल्या धंद्याशी जोडलेली असतात; आणि आपल्या वहीतली नावं तशी नाहीत. नोंद झालेल्या विक्री म्हणजे सगळ्या विक्री नव्हेत, आणि न विकली गेलेली कोट्यवधी नावं या यादीत कुठेच नसतात, एवढं मात्र ध्यानात ठेवायचं.

६. निकालपत्रं वाचा

दुसरं फुकटचं शिक्षण वादांच्या निकालांत आहे, आणि ते चुकवणाऱ्याला महागात पडतं. दुसऱ्याच्या व्यापारचिन्हासारखं नाव घेऊन त्यालाच विकायला जाणं ही गुंतवणूक नव्हे. त्याला सायबरस्क्वॉटिंग म्हणतात. साध्या भाषेत, दुसऱ्याचं नाव बळकावून बसणं.

मुंबई उच्च न्यायालयातला १९९९ चा खटला मजेदार आहे. रेडिफ डॉट कॉम जोरात चाललेलं असताना एका कंपनीने रॅडिफ डॉट कॉम हे नाव घेतलं. बचाव असा की हे नाव रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या शब्दांची सुरुवातीची अक्षरं जुळवून आम्हीच घडवलं. न्यायालयाने ते मानलं नाही आणि नाव वापरायला मनाई केली. डोमेन म्हणजे नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळायला हवं, ही भूमिका त्यातून पुढे आली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या सिफी या नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयानेही तशीच दिशा धरली.

आज यासाठी कोर्टात जायलाच हवं असं नाही. डॉट कॉमसारख्या नावांसाठी १९९९ पासूनचं जागतिक धोरण आहे, डॉट इनसाठी निक्सीचं २००५ पासूनचं. तक्रारदाराला साधारण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव माझ्या चिन्हासारखं आहे, घेणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि हेतू वाईट आहे. लवादाला पटलं तर नाव जातं आणि तुम्हाला एक रुपयाही मिळत नाही. दोन्हीकडचे निकाल इंटरनेटवर खुले आहेत. दहा वाचले तरी काय घ्यायचं नाही ते पक्कं होतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीच्या एका तरुणाची बातमी गाजली. दोन मोठ्या कंपन्या एकत्र येणार हे हेरून त्याने जिओहॉटस्टार डॉट कॉम घेऊन ठेवलं होतं, आणि केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या, नाव घ्या, असं तो रिलायन्सला म्हणत होता. त्याच्या हुशारीचं कौतुक झालं, पण रिलायन्सकडून पैसे काही मिळाले नाहीत. पुढे नाव दुबईतल्या कुणा भावंडांकडे गेलं. बातमी वाचून असलीच नावं शोधत बसणारे बरेच निघाले. त्यांच्यात जाऊ नका.

नाव घेण्याआधी व्यापारचिन्हांच्या सरकारी संकेतस्थळावर ते शोधून पाहायला पैसे लागत नाहीत. या नोंदणीचं मुख्य कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. बँकांची नावं तर सोडूनच द्यावीत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने देशातल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या राखीव शेपटावर जायचं होतं, आणि तिथे नोंद फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत होते.

७. एक सराव: ‘मलकापूर’

आता आपल्याच गावाचं नाव घेऊन पाहू. ते मोकळं आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. सराव किंमत जोखण्याचा आहे.

रोमन लिपीत मलकापूर लिहायला सोपं. फोनवर सांगितलं तर समोरचा बहुधा बरोबर टाइप करेल. ही परीक्षा प्रत्येक नावाची घ्यावी. बुलढाणा तिथे अडखळतं: काही जण ‘ढ’साठी एच घालतात, काही घालत नाहीत, आणि दोन्ही रूपं छापलेली सापडतात.

पुढचा प्रश्न: मलकापूर म्हटल्यावर कोणतं? एक बुलढाणा जिल्ह्यातलं, एक कऱ्हाडजवळचं, एक कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यातलं. गिऱ्हाईक तिप्पट झालं असं कुणाला वाटेल. मला वाटतं, नाव पातळ झालं. ‘हे आपलंच’ म्हणून जास्त पैसे मोजणारा कमी झाला.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: घेणार कोण? वहीत खऱ्या गिऱ्हाइकांची यादी करा. जिनिंगवाला? त्याचे व्यापारी त्याला फोनवर ओळखतात. हॉटेल, शाळा, दवाखाना? त्यांना स्वतःचं नाव हवं, गावाचं नव्हे. मग गावातल्या चार दुकानदारांना आणि त्यांच्यासाठी संकेतस्थळं बनवून देणाऱ्या एखाद्या मुलाला विचारा की नावासाठी हजाराच्या वर किती देतील. या चौकशीतून जे कळेल ते कुठल्याही परदेशी गुरूकडे नाही. यादीत पाच खरी नावं आली नाहीत, तर डोमेन घ्यायचं नाही.

याच सरावात देवनागरी नावांचाही प्रश्न येतो. डॉट भारत हे शेपूट २७ ऑगस्ट २०१४ रोजी खुलं झालं आणि त्यात मराठीही आहे. अभिमान म्हणून, स्वतःच्या वापरासाठी एखादं नाव जरूर घ्यावं. विकण्यासाठी साठवू नये. असे ईमेल पत्ते अजून सगळीकडे स्वीकारले जात नाहीत आणि मागणी तुरळक आहे.

८. पैसे हातात पडेपर्यंत

नाव घेतलं की चोर पत्ता काढत येतात. त्यांचा सर्वांत जुना डाव असा: परदेशी ‘खरेदीदार’ ईमेल करतो, भरघोस रक्कम कबूल करतो, फक्त अमुक संस्थेचं मूल्यांकन प्रमाणपत्र आणा म्हणतो. प्रमाणपत्राचे पाच-सात हजार भरले की खरेदीदार गायब. तो आणि ती संस्था एकच. दुसरं पत्र येतं की कुणी तुमचं नाव चीनमध्ये नोंदवत आहे, लगेच आमच्याकडे पैसे भरा. तिसरं येतं मुदतवाढीच्या बिलासारखं दिसणारं, पण तुमच्या रजिस्ट्रारकडून नव्हे. तिन्ही न उघडता फेकायची.

खऱ्या विक्रीत पैसे एस्क्रोमधून यावेत. म्हणजे खरेदीदार रक्कम त्रयस्थाकडे ठेवतो, तुम्ही नाव त्याच्या खात्यात देता, त्याने पोच दिली की त्रयस्थ रक्कम तुम्हाला सोडतो. नाव हलवण्याचा गुप्त कोड रक्कम त्रयस्थाकडे जमा होण्याआधी कुणालाही सांगू नये. मिळालेल्या पैशांवर कर लागतो. तो कोणत्या सदरात दाखवायचा ते सीएला पहिल्या विक्रीआधी विचारून ठेवावं.

पहिल्या वर्षी दहाच्या वर नावं घेऊ नका, आणि घ्याल ती स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर घ्या. घरचं दुकान किंवा व्यवसाय असेल तर पहिलं नाव त्याचं घ्या. संकेतस्थळ बनवणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यात नोंदवून ठेवलं असेल, तर या आठवड्यातच आपल्या खात्यात वळवून घ्या.